राउटरवरील स्थिर पत्ता व पोर्ट फॉरवर्डिंग

शेतावरील घर, कांद्याची चाळ, गुरांचा गोठा किंवा विहिरीवरील मोटारघर यांवर लक्ष ठेवण्यासाठी पुष्कळ शेतकरी आता कॅमेरे बसवितात. भारतनेट योजनेस २०११ साली राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळे या नावाने मंजुरी मिळाली व सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत तंतुवाहिनी नेण्याचे काम तिच्याद्वारे हाती घेण्यात आले. खाजगी पुरवठादारांच्या जोडण्याही खेड्यांत पोहोचल्या आहेत. त्यामुळे घरात वाय-फाय, भिंतीवर राउटर आणि कपाटावर कॅमेऱ्यांचा डीव्हीआर असे दृश्य नवलाचे राहिलेले नाही.

तथापि एक अडचण वारंवार आढळून येते. घरात असताना फोनवर चाळीचे चित्र दिसते. तोच शेतकरी बाजार समितीत माल घेऊन गेला की काहीच दिसत नाही. काही वेळा बाहेरूनही चित्र दिसू लागते. परंतु वीज जाऊन परत आली की ते एकाएकी बंद पडते. यंत्र बिघडले असे समजून दुरुस्ती करणाऱ्यास बोलावले जाते व पैसे खर्च होतात. वस्तुतः यंत्र चांगले असते. फक्त त्याचा पत्ता बदललेला असतो. हा दोष का उद्भवतो, तो कसा दूर करावा आणि तो दूर करताना कोणती सावधगिरी बाळगावी, याचे विवेचन या पाठात केले आहे.

आतला पत्ता व बाहेरचा पत्ता

जाळ्याला जोडलेल्या प्रत्येक यंत्रास एक अंकी पत्ता असतो. त्यास आयपी पत्ता म्हणतात. प्रचलित चौथ्या आवृत्तीच्या पत्त्यात बिंदूंनी विभागलेले चार आकडे असतात, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. यातील प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो. (या पाठातील आकडे देवनागरीत छापले आहेत; यंत्रात भरताना ते इंग्रजी आकड्यांतच भरावेत.)

या पद्धतीने एकंदर ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होऊ शकतात. १९८१ साली ही पद्धत ठरली तेव्हा ही संख्या अपार वाटली. पण जगातील यंत्रे वाढत गेली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये मध्यवर्ती साठ्यातील अखेरचे मोकळे गट वाटून संपले. प्रत्येक कॅमेऱ्यास व फोनास जगात एकमेव असा पत्ता देणे त्यामुळे शक्य राहिले नाही. यावर तोड म्हणून घरास बाहेरचा एकच पत्ता द्यावयाचा व घरातील यंत्रांना केवळ घरापुरते पत्ते द्यावयाचे, अशी व्यवस्था रूढ झाली. घरापुरत्या पत्त्यांसाठी तीन गट राखून ठेवलेले आहेत : १० ने सुरू होणारे सर्व, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे पत्ते हजारो घरांत एकाच वेळी वापरले जातात व बाहेरच्या जगात त्यांना काही अर्थ नसतो.

ही व्यवस्था जुन्या वाड्याच्या दाखल्याने सहज ध्यानात येते. वाड्यास रस्त्यावर एकच दरवाजा असतो व त्याचाच पत्ता टपालवाल्यास ठाऊक असतो. आत अनेक खोल्या असतात; त्यांची माहिती फक्त देवडीवरील माणसास असते. राउटर हा तो देवडीवरील माणूस होय. आतील माणसाने बाहेर पत्र पाठविले तर त्याचे उत्तर कोणत्या खोलीत न्यावयाचे हे तो लक्षात ठेवतो. परंतु कोणी अनोळखी माणूस आपण होऊन दारात आला, तर त्यास कोणाकडे धाडावे हे देवडीवाल्यास माहीत नसते. तो त्यास परत पाठवितो. बाहेरून कॅमेरा दिसत नाही, याचे कारण हेच होय.

पोर्ट म्हणजे काय

एकाच यंत्रावर अनेक प्रकारची कामे चालतात. कोणता निरोप कोणत्या कामासाठी आहे हे कळावे म्हणून प्रत्येक कामास एक क्रमांक दिलेला असतो. त्यास पोर्ट म्हणतात. हे क्रमांक १ पासून ६५,५३५ पर्यंत असतात. साध्या संकेतस्थळासाठी ८०, सुरक्षित संकेतस्थळासाठी ४४३ आणि कॅमेऱ्याच्या चित्रप्रवाहासाठी ५५४ हे क्रमांक सामान्यतः योजले जातात.

'अमुक क्रमांकाची चौकशी करीत कोणी आला, तर त्यास अमुक खोलीत पाठवावे,' अशी आज्ञा देवडीवाल्यास देऊन ठेवणे म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग होय. या आज्ञेत खोलीचा क्रमांक, म्हणजे यंत्राचा आतला पत्ता, लिहिलेला असतो. तो पत्ता बदलला की आज्ञा निरुपयोगी ठरते.

आतला पत्ता का बदलतो

घरातील पत्ते बहुधा राउटर स्वतःच वाटतो. या वाटपास डीएचसीपी म्हणतात. हे पत्ते कायमचे दिलेले नसतात. ते ठराविक मुदतीने दिलेले असतात, धर्मशाळेत उतरलेल्या पाहुण्यास खोली द्यावी तसे. वीज गेली व सर्व यंत्रे पुन्हा सुरू झाली की वाटपाचा क्रम बदलू शकतो. समजा, डीव्हीआरला काल १९२.१६८.१.१०३ हा पत्ता होता व आज तो घरातील दूरदर्शन संचाला मिळाला. देवडीवाला मात्र आलेल्या माणसास जुन्याच खोलीत धाडीत राहतो. बाहेरून पाहणाऱ्यास चित्र न दिसणे हा त्याचा परिणाम होय. ज्या गावांत वीज वारंवार खंडित होते, तेथे हा दोष अधिक दिसतो. यास्तव ज्या यंत्राकडे पोर्ट वळवावयाचे आहे, त्याचा आतला पत्ता आधी स्थिर करावा व नंतरच पोर्टचा नियम लिहावा. हा क्रम उलटा करू नये.

कामास लागण्यापूर्वीची तपासणी

पुष्कळांचे श्रम वाया जातात ते ही तपासणी न केल्यामुळे. राउटरच्या व्यवस्थापन पृष्ठावर 'स्टेटस' किंवा 'वॅन' या नावाच्या भागात राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता दिसतो. तो कागदावर लिहून घ्यावा. मग घरच्याच वाय-फायवरून, स्वतःचा पत्ता दाखविणारे एखादे संकेतस्थळ उघडावे व तेथे दिसणारा चौथ्या आवृत्तीचा पत्ता ताडून पाहावा. दोन्ही सारखे असतील तर पुढे जाण्यास हरकत नाही.

ते वेगळे असल्यास दोन शक्यता असतात. पहिली अशी की घरातच एकापुढे एक दोन राउटर आहेत. पुरवठादाराने बसविलेल्या फायबरच्या यंत्रामागे शेतकऱ्याने आपला निराळा राउटर जोडला की असे होते. अशा वेळी पुरवठादारास सांगून पहिले यंत्र 'ब्रिज' पद्धतीवर करून घ्यावे, किंवा दुसऱ्या राउटरचा उपयोग केवळ वाय-फाय पसरविण्यासाठी करावा.

दुसरी शक्यता अशी की पुरवठादाराने अनेक गिऱ्हाइकांना मिळून बाहेरचा एकच पत्ता दिलेला आहे. अशा वाटपासाठी २०१२ साली १००.६४ ते १००.१२७ हा निराळा गट राखून ठेवण्यात आला. राउटरचा बाहेरचा पत्ता या गटातील असेल, तर आणखी एक देवडी पुरवठादाराच्या कार्यालयात आहे असे समजावे. काही पुरवठादार यासाठी १० ने सुरू होणारे पत्तेही वापरतात. त्या देवडीवर शेतकऱ्याची आज्ञा चालत नाही. घरच्या राउटरवर कितीही नियम लिहिले तरी उपयोग होणार नाही. मोबाइलच्या सिमवर चालणाऱ्या जोडणीत ही स्थिती नेहमीच आढळते. येथे पुरवठादाराकडे सार्वजनिक स्थिर पत्त्याची मागणी करावी लागते व त्यास बहुधा वेगळा आकार पडतो. आकार भरण्यापूर्वी सदर पत्ता 'सार्वजनिक' आहे ना, हे लेखी विचारून घ्यावे.

येथे एक भेद स्पष्ट ध्यानात घ्यावा. आतला स्थिर पत्ता शेतकरी स्वतः विनाखर्च नेमू शकतो. बाहेरचा स्थिर पत्ता केवळ पुरवठादार देऊ शकतो. बाहेरचा पत्ता सार्वजनिक आहे पण अधूनमधून बदलतो, अशी स्थिती असल्यास 'डायनॅमिक डीएनएस' या सोयीचा उपयोग होतो. तीत घरास एक नाव मिळते व पत्ता बदलला की राउटर ती खबर त्या नावाच्या नोंदीत पोहोचवितो.

आतला पत्ता स्थिर करण्याची कृती

१. राउटरचा आतला पत्ता शोधावा. फोनच्या वाय-फाय मांडणीत 'गेटवे' या शब्दापुढे तो दिसतो. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो.

२. तो पत्ता ब्राउझरमध्ये लिहून व्यवस्थापन पृष्ठ उघडावे. परवलीचा शब्द राउटरच्या बुडाशी चिकटविलेल्या चिठ्ठीवर बहुधा छापलेला असतो. तो तत्काळ बदलावा व नवा शब्द घरच्या वहीत लिहून ठेवावा.

३. जोडलेल्या यंत्रांच्या यादीतून डीव्हीआर ओळखावा. प्रत्येक यंत्रास कारखान्यात दिलेला बारा अंक-अक्षरांचा एक मॅक क्रमांक असतो. यंत्रावरील चिठ्ठीशी तो ताडून पाहावा. नुसत्या नावावर विसंबू नये.

४. 'डीएचसीपी' भागात 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' किंवा 'स्टॅटिक लीज' अशा नावाची सोय असते. तेथे डीव्हीआरचा मॅक क्रमांक व त्यास द्यावयाचा पत्ता, समजा १९२.१६८.१.५०, लिहून जतन करावा.

५. डीव्हीआर बंद करून पुन्हा सुरू करावा व त्यास तोच पत्ता मिळाला की नाही हे पाहावे.

ज्या राउटरमध्ये ही सोय नाही, तेथे पत्ता डीव्हीआरच्या स्वतःच्या मांडणीत भरावा लागतो. तेथे पत्ता १९२.१६८.१.५०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० आणि गेटवे व डीएनएस या दोहोंसाठी राउटरचा पत्ता लिहावा. मात्र या रीतीत एक पथ्य अवश्य पाळावे. राउटर ज्या मर्यादेत पत्ते वाटतो, तिच्या बाहेरचाच पत्ता निवडावा. वाटपाची मर्यादा १०० ते १९९ असेल तर ५० हा आकडा योग्य. १२० हा अयोग्य. अन्यथा तोच पत्ता राउटर दुसऱ्या यंत्रास देण्याचा संभव राहतो व दोन्ही यंत्रे एकमेकांना अडथळा करतात.

पोर्टचा नियम लिहिणे

'पोर्ट फॉरवर्डिंग' किंवा 'व्हर्च्युअल सर्व्हर' या नावाच्या पृष्ठावर पाच गोष्टी विचारल्या जातात : नियमाचे नाव, बाहेरील पोर्ट, आतला पत्ता, आतील पोर्ट आणि प्रकार. डीव्हीआरचे सुरक्षित पृष्ठ ४४३ या पोर्टवर असेल, तर बाहेरील पोर्ट ४५४४३, आतला पत्ता १९२.१६८.१.५०, आतील पोर्ट ४४३ व प्रकार टीसीपी असे लिहावे. बाहेरील व आतील पोर्ट एकच असले पाहिजेत असे नाही. काही पुरवठादार ८० सारखे परिचित पोर्ट बंद ठेवतात. अशा ठिकाणी मोठा क्रमांक घेणे सोयीचे पडते. यंत्रास कोणते पोर्ट लागतात व प्रकार टीसीपी की यूडीपी, हे माहितीपुस्तिकेत पाहून ठरवावे. अंदाजाने मोठा पट्टाच्या पट्टा मोकळा करू नये.

परीक्षा घेताना फोनचे वाय-फाय बंद करून मोबाइलच्या जोडणीवरून पाहावे. घरच्याच वाय-फायवरून बाहेरचा पत्ता उघडल्यास काही राउटर तो मार्ग पुरा करीत नाहीत व नियम बरोबर असूनही चुकल्यासारखा भासतो.

परीक्षा फसल्यास पुढील क्रमाने शोध घ्यावा. घरातल्या घरात आतल्या पत्त्यावर चित्र दिसते का? दिसत नसल्यास दोष यंत्रात आहे. दिसत असल्यास नियमातील पत्ता व सध्याचा पत्ता एकच आहे का, टीसीपीऐवजी यूडीपी तर निवडले गेले नाही ना, आणि राउटरचा बाहेरचा पत्ता अद्याप सार्वजनिक आहे का, हे पाहावे. वीज गेल्यावर राउटर बंद पडत असेल तर त्यास लहान यूपीएस जोडावा; पत्ता कितीही स्थिर असला तरी बंद राउटर उत्तर देऊ शकत नाही.

मोकळ्या दाराचा धोका

आतापर्यंतची कृती सोपी आहे व म्हणूनच तिचा दुसरा भाग सांगणे अगत्याचे आहे. जे दार शेतकऱ्यासाठी उघडते ते सर्वांसाठीच उघडते. इंटरनेटवरील पत्ते एकामागून एक ठोठावून पाहणारी स्वयंचलित यंत्रणा अहोरात्र चालू असते. आडगावातील घराकडे कोण फिरकणार, हा समज येथे लागू पडत नाही. कारण ठोठावणाऱ्यास गाव दिसत नाही, फक्त आकडा दिसतो.

२०१६ साली मिराई नावाच्या उपद्रवी कार्यक्रमाने जगभरातील लक्षावधी कॅमेरे, डीव्हीआर व राउटर काबीज केले. त्याची युक्ती अगदी साधी होती. कारखान्यातून आलेली सुमारे साठ नावे व परवलीचे शब्द तो एकेक करून लावून पाही. ज्यांच्या मालकांनी ते बदलले नव्हते, ती यंत्रे त्याच्या हाती गेली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच यंत्रांच्या झुंडीने अमेरिकेतील डिन या कंपनीवर मारा केला व अनेक प्रसिद्ध संकेतस्थळे काही तास बंद पडली. मालकांना मात्र आपला कॅमेरा या कामी वापरला जात आहे याचा पत्ताही नव्हता. कॅमेऱ्याचे चित्र तर नेहमीप्रमाणे दिसत होते!

यास्तव पुढील पथ्ये पाळावीत. डीव्हीआर व राउटर या दोहोंचे मूळ परवलीचे शब्द बदलावेत. कंपनीकडून येणाऱ्या सुधारणा बसवाव्यात; ज्या जुन्या यंत्रास सुधारणा येणे बंद झाले आहे ते बाहेरून उघडे ठेवू नये. राउटरचे व्यवस्थापन पृष्ठ बाहेरून उघडण्याची सोय बंद ठेवावी. यंत्रांना आपण होऊन पोर्ट उघडू देणारी 'यूपीएनपी' ही सोय बंद करावी. 'डीएमझेड' या भागात कोणतेही यंत्र टाकू नये. त्यायोगे त्याची सर्व दारे एकदम मोकळी होतात. गरज संपताच नियम काढून टाकावा.

मोटारीविषयी स्वतंत्र इशारा देणे अवश्य आहे. पंपाची मोटार दुरून चालू-बंद करणाऱ्या यंत्राचा पोर्ट इंटरनेटवर कदापि उघडा ठेवू नये. कॅमेरा परक्याच्या हाती गेला तर घराची खाजगी बाब उघड होते. मोटार परक्याच्या हाती गेली तर विहिरीत उतरलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो. मोटारीवर किंवा विहिरीत काम करताना, दुरून चालविण्याची कोणतीही सोय असो, मुख्य खटका हाताने खाली ओढून फ्यूज काढून ठेवावा.

अधिक सुरक्षित मार्ग

कॅमेरा थेट उघडा करण्यापेक्षा व्हीपीएन ही व्यवस्था श्रेयस्कर होय. तीत बाहेरील फोन व घरचे जाळे यांच्यामध्ये एक कुलूपबंद वाट तयार होते व त्या वाटेने आल्यावर घरात असल्याप्रमाणेच आतले पत्ते वापरता येतात. वायरगार्ड ही अशी एक विनामूल्य पद्धत आहे व मार्च २०२० पासून ती लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झालेली आहे. तिला सामान्यतः यूडीपी प्रकारचा ५१८२० हा एकच पोर्ट लागतो. ज्याच्याजवळ योग्य किल्ली नाही, त्याच्या ठोठावण्यास ती उत्तरच देत नाही. काही राउटरमध्येच व्हीपीएनची सोय असते. तेथे वेगळा पोर्ट वळवावा लागत नाही. ती घरातील लहान संगणकावर बसविल्यास मात्र त्या संगणकाचा आतला पत्ता वर सांगितल्याप्रमाणे स्थिर करावा. डीव्हीआरचाही पत्ता स्थिर ठेवावा, म्हणजे तो रोज शोधावा लागणार नाही.

पुरवठादाराकडून सार्वजनिक पत्ता मिळत नसल्यास कॅमेऱ्याच्या कंपनीची स्वतःची दूरदर्शन सोय वापरता येते. तीत यंत्र आपण होऊन बाहेर संपर्क करते, म्हणून पोर्ट उघडावे लागत नाही. मात्र तेथेही परवलीचा शब्द बदललाच पाहिजे.

ग्रामकार्यकर्त्यांनी करावयाचे काम

ग्रामकार्यकर्त्यांनी शेतकऱ्याच्या घरी गेल्यावर प्रथम एक प्रश्न विचारावा : 'कॅमेरा बाहेरून पाहण्याची गरज खरोखर आहे काय?' गरज नसल्यास दार उघडू नये. गरज असल्यास एका कागदावर चार गोष्टी लिहून तो कागद घरमालकाच्या स्वाधीन करावा : यंत्राचे नाव व मॅक क्रमांक, नेमलेला आतला पत्ता, उघडलेला पोर्ट, आणि नियम लिहिल्याची तारीख. परवलीचा शब्द या कागदावर लिहू नये व स्वतःजवळही ठेवू नये. तो घरमालकानेच टाइप करावा. बसविणारा कारागीर निघून गेल्यावर घरातील कोणासच काही ठाऊक नसणे, ही या कामातील नेहमीची उणीव आहे. घरातील एका तरुण मुलास किंवा मुलीस सर्व कृती एकवार स्वतःच्या हाताने करावयास लावावी. वीज जाऊन आल्यावर डीव्हीआरचा पत्ता तोच आहे हे त्यांनी स्वतः पाहिले, म्हणजे काम पुरे झाले असे समजावे.

सारांश

प्रथम बाहेरचा पत्ता सार्वजनिक आहे की नाही हे तपासावे. नंतर यंत्राचा आतला पत्ता स्थिर करावा. परवलीचे शब्द बदलावेत. मग लागेल तेवढाच एक पोर्ट मोकळा करावा, किंवा त्याहून बरे म्हणजे व्हीपीएन योजावे. मोबाइलच्या जोडणीवरून परीक्षा घ्यावी, केलेल्या कामाची नोंद ठेवावी आणि गरज सरताच दार लावून घ्यावे. चाळीतील कांद्याची राखण करण्यासाठी बसविलेला कॅमेरा घराचीच वाट परक्यास दाखविणारा ठरू नये, एवढी दक्षता प्रत्येक शेतकऱ्याने अवश्य घ्यावी.